खाटांची यादी

उन्हाळी शिबिरात देशोदेशीच्या मुलांची मैत्री होते कशी, असं कुणी विचारलं की त्यांना बहुतेक वेळा शेकोटी, गिटार, निरोपाची रडारड असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी खाटांच्या यादीपासून सुरुवात करते.

शिबिर एका शाळेच्या इमारतीत होतं. सुट्टीमुळे शाळा रिकामी. बाकं एका वर्गात छतापर्यंत रचलेली आणि बाकीच्या वर्गांत घडीच्या खाटा टाकलेल्या. मुलं दुसऱ्या दिवशी यायची होती. आम्ही स्टाफची मंडळी, म्हणजे तिथलीच काही उत्साही तरुण पोरं, शिबिरप्रमुख बाई आणि दुसऱ्या देशातून आलेली मी, जमिनीवर फतकल मारून बसलो होतो. समोर खोल्यांचे नकाशे काढलेला भला मोठा कागद, हातात रंगीत चिठ्ठ्या. एका देशाला एक रंग. प्रत्येक देशाची चार मुलं, दोन मुली आणि दोन मुलगे, सगळी अकरा वर्षांची. सोबत एक मोठं माणूस, त्याला लीडर म्हणायचं. नियम एवढाच, की एका रंगाच्या दोन चिठ्ठ्या एका खोलीत येता कामा नयेत.

ऐकायला सोपं आहे. तासाभरात आमची आपापसात जुंपली. रंग वेगळे केले तरी एका खोलीत इटली, ब्राझील, स्पेन आणि मेक्सिको गोळा झाले होते. ही मुलं एकमेकांची भाषा न शिकताही बरीचशी समजून घेतात. त्यांचा घोळका जमायला अर्धा दिवस पुरतो, आणि त्यात सापडलेली जपानची मुलगी महिनाभर भिंतीकडे तोंड करून झोपणार. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क यांचंही तेच. म्हणजे नुसते देश फोडून भागत नाही, भाषांचे गटही फोडावे लागतात. शिवाय कुणाला दमा, कुणी झोपेत चालतो म्हणून त्याची खाट दारापासून लांब. एका आईने फॉर्मवर लिहिलं होतं, मुलगी लाजाळू आहे, तिला तिच्या देशातल्या मैत्रिणीजवळच ठेवा. शिबिरप्रमुख बाईंनी ती चिठ्ठी उचलली आणि मुद्दाम दुसऱ्या खोलीत चिकटवली. "पालकांचं औषधांच्या बाबतीत ऐकायचं," त्या म्हणाल्या, "शेजाराच्या बाबतीत नाही."

बाई फटकळ होत्या, पण असली बरीच शिबिरं त्यांनी पाहिलेली होती. मध्यरात्र उलटल्यावर यादी झाली.

या प्रकारच्या शिबिराची कल्पना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरिस ॲलन यांची. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वाटाघाटी मोठी माणसं करोत, पण एकमेकांसोबत राहायची सवय लहानपणीच लागायला हवी, असं त्यांचं म्हणणं. १९४६ साली त्यांच्या डोक्यात हे आलं आणि १९५१ साली ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत पहिलं शिबिर भरलं. त्यातून पुढे 'चिल्ड्रन्स इंटरनॅशनल समर व्हिलेजेस' ही संस्था उभी राहिली. आमच्या शिबिराचा साचा त्याच धर्तीचा. अकरा वर्षांचीच मुलं का? तर या वयाचं मूल काही आठवडे घराबाहेर राहू शकतं, आपल्या घरच्या रीतीभाती त्याला सांगता येतात, पण दुसऱ्यांविषयीची मतं अजून घट्ट बसलेली नसतात. मी शाळेत शिकवते, मला हा हिशेब पटतो. तेराव्या वर्षी मूल मैदानात उतरलं की आधी बघतं, आपल्याकडे कोण बघतंय. अकराव्या वर्षी ते बघतं, चेंडू कुठाय.

स्टाफ म्हणून निवड होण्याचं प्रकरण कंटाळवाणं आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. अर्ज, दोन शिफारसपत्रं, पोलीस पडताळणी, मुलाखत आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणातला एक नियम पुढे रोज उपयोगी पडला. कुठल्याही मोठ्या माणसाने बंद दाराआड एकट्या मुलासोबत थांबायचं नाही. रात्री कुणी रडत असलं तरी दार उघडं ठेवायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला सोबत बोलवायचं. मला सुरुवातीला हे फार कोरडं वाटलं. पण या नियमाचा एक अनपेक्षित फायदा झाला, तो पुढे सांगते.

पहिले दोन दिवस भाषेला जवळजवळ सुट्टीच होती. खेळ असे, की बोलायची गरजच पडू नये. जन्मतारखेप्रमाणे ओळीत उभं राहायचं, पण तोंड न उघडता. एकमेकांचे हात धरून झालेला गुंता हात न सोडता सोडवायचा. हे खेळ जगभरच्या शिबिरांत चालतात आणि मोठ्यांना ते बालिश वाटतात. त्यामागे एक पक्का व्यवहार आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ती मुलं शब्दांवर स्वार होऊन आलेली असतात. पहिल्याच दिवशी चर्चा ठेवली तर तेच बोलणार, तेच ठरवणार, आणि बाकीची मुलं आपली जागा कुठे आहे ते शिकून मोकळी होणार. शब्द काढून घेतले की पारडं फिरतं. आमच्याकडे इंग्रजीचे जेमतेम दहा शब्द येणारा कोरियन मुलगा पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचा आवडता झाला, कारण हातवाऱ्यांनी प्राणी ओळखायच्या खेळात त्याने केलेला शहामृग केवळ अफाट होता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याच्या टेबलावर जागेसाठी धक्काबुक्की.

खरी गंमत मात्र तिसऱ्या रात्रीनंतर सुरू झाली. तोवर सगळी मुलं पाहुण्यांसारखी वागत असतात.

मुलींच्या एका खोलीत खिडकीवरून भांडण लागलं. नॉर्वेच्या मुलीला खिडकी सताड उघडी हवी होती. तिच्या घरी थंडीतसुद्धा खिडकी उघडी ठेवून झोपतात, बंद खोलीत तिला गुदमरायला होई. इजिप्तच्या मुलीला वाटे, रात्रीचा वारा थेट अंगावर घेणं म्हणजे आजाराला आमंत्रण. तिच्या आजीने तसं बजावूनच पाठवलं होतं. एक उठून उघडायची, दुसरी उठून लावायची. तिसऱ्या फेरीत कडी एवढ्या जोरात आपटली की मी धावत गेले. बघते तर दोघी खिडकीच्या दोन बाजूंना उभ्या, दोघींचे चेहरे लाल, आणि खोलीतल्या बाकीच्या मुली स्लीपिंग बॅगमधून फक्त डोळे बाहेर काढून तमाशा बघताहेत.

मोठ्यांचा पहिला सुचणारा उपाय म्हणजे एकीची खोली बदलणं. बाईंनी ते करू दिलं नाही. तोडगा मुलींनीच काढायचा आणि तोवर मी फक्त दारात बसायचं, असं ठरलं. खूप वेळ लागला. आधी तासांची वाटणी झाली, ती मोडली, कारण झोपलेल्या माणसाला वेळ कळत नाही. मग मोजपट्टी आली. खिडकी किती उघडी ठेवायची ते सेंटिमीटरमध्ये ठरवायचं असा प्रस्ताव मेक्सिकोच्या मुलीने मांडला आणि त्यावर चक्क लिलावासारखी बोली लागली. अखेर खाटांची अदलाबदल झाली. नॉर्वेची खिडकीखाली, इजिप्तची कपाटाच्या आडोशाला आणि खिडकी एका वहीच्या रुंदीएवढी उघडी. ती वही रोज रात्री फटीत ठेवून माप घ्यायचं काम दोघींनी मिळून करायचं. महिनाभर त्या हे इमानेइतबारे करत होत्या. दहा दिवसांनी दोघींना वेगळं करायला मला हाका माराव्या लागत, कारण दिवे मालवल्यावरही कुजबुज थांबत नसे.

खोल्या-खोल्यांत स्पर्धा लावून चषक द्यावा, अशी आमच्या एका उत्साही स्टाफची सूचना होती. बाईंनी ती तिथल्या तिथे मोडीत काढली आणि आम्हाला सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांचा प्रयोग सांगितला. मी तो पुस्तकात वाचलेला होता, पण घडीच्या खाटांमध्ये बसून ऐकताना तो वेगळाच वाटला. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात शेरीफनी अकराएक वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर भरवलं. सगळी एकाच धर्माची, एकाच थरातली, एकमेकांना अनोळखी. दोन गट केले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री खोलीवर धाडी घालणं इथवर मजल गेली. मग त्यांना एकत्र आणायचं म्हणून सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. मुलांनी एकमेकांना अन्न फेकून मारलं. नुसतं शेजारी बसवून काही झालं नाही. पाण्याचा पुरवठा बंद पडला आणि तो सगळ्यांना मिळूनच सुरू करावा लागला, ट्रक बंद पडला आणि सगळ्यांना मिळूनच दोराने ओढावा लागला, तेव्हा कुठे वैर निवळलं. अर्थात ही संकटं प्रयोग करणाऱ्यांनीच घडवून आणलेली होती.

बाईंना त्याच्या आधीचा भाग जास्त आवडायचा. त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफनी असाच प्रयोग न्यूयॉर्क राज्यात करून पाहिला आणि तो फसला. तिथे मुलांना आधी काही दिवस एकत्र राहू दिलं होतं. गट पाडेपर्यंत त्यांच्या मैत्र्या झालेल्या होत्या. काही केल्या ती मुलं भांडेनात, उलट मोठी माणसंच काहीतरी खोडी काढताहेत असा संशय त्यांना आला. "म्हणून पहिले दोन दिवस," एवढंच बाई म्हणाल्या आणि चषकाचा विषय संपला.

घरची आठवण हा शिबिरातला सर्वांत मोठा आजार. दिवसा कुणी रडत नाही. दिवसा वेळच नसतो. रडू येतं ते दिवे मालवल्यानंतर. फोन पहिल्याच दिवशी गोळा करून ठेवलेले होते, त्यावर काही लीडरांचीच जास्त कुरकुर होती. पालकांनी करू नये अशी एक गोष्ट आहे आणि पालक नेमकी तीच करतात. 'नाही आवडलं तर सांग, आम्ही येऊन घेऊन जाऊ' असं वचन देणं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, २००७ साली या विषयावर डॉक्टरांसाठी अहवाल काढला, त्यातही हे वचन देऊ नका असं बजावलेलं आहे. कारण मग मुलाचं सगळं लक्ष त्या वचनाकडे लागून राहतं, जुळवून घेण्याकडे नाही. कॅनडाच्या एका मुलाला असं वचन मिळालेलं होतं. तो रोज विचारायचा, आज फोन करू का?

आता तो दाराचा नियम. त्या मुलाच्या खोलीत मी एकटी जाऊन त्याची समजूत काढू शकत नव्हते. मी दारात उभी राहिले आणि दुसऱ्या स्टाफला हाक मारली. तो येईपर्यंत शेजारच्या खाटेवरचा थायलंडचा मुलगा उठला, टॉर्च पेटवली आणि काही न बोलता छतावर बोटांच्या सावल्या पाडायला लागला. ससा, कुत्रा, मग काहीतरी ओळखू न येणारं. "हे काय?" रडणाऱ्याने नाक ओढत विचारलं. थायलंडच्या मुलाला इंग्रजी नाव माहीत नव्हतं. त्याने आवाज काढून दाखवला. बेडूक होता. मग खोलीतल्या प्रत्येकाने आपापल्या देशातला बेडूक कसा ओरडतो ते करून दाखवायला सुरुवात केली, आणि दुसरा स्टाफ धापा टाकत पोचला तेव्हा सगळी खोली डराव डराव करत होती. मी लवकर आत गेले असते तर हे झालं नसतं. समजूत काढायला मोठं माणूस हजर असलं की मुलं आपली कामं त्याच्यावर सोपवून देतात.

राष्ट्रीय रात्री, म्हणजे 'नॅशनल नाइट', यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. रोज एका देशाची मुलं आपला पोशाख घालून नाच, गाणं, थोडा इतिहास सादर करतात. फोटो सुंदर येतात, पालक खूश होतात. पण त्या रात्री प्रत्येक मूल आपल्या देशाचं दुकान मांडून बसतं. दुसऱ्या मुलांना त्यातून त्या देशाविषयी माहिती मिळते, त्या मुलाविषयी नाही. खरं तर तालीम जास्त कामाची असते. फिनलंडच्या मुलांना नाचासाठी दोन जण कमी पडले म्हणून त्यांनी कोलंबियाच्या दोघांना उसने घेतले. ते दोघे दर वळणावर चुकत होते आणि फिनलंडची शांत पोरं पोट धरून हसत होती. प्रत्यक्ष कार्यक्रमात सगळं बिनचूक झालं. तो मला आता आठवतही नाही.

भांड्यांची पाळी मात्र लख्ख आठवते. रोज संध्याकाळी एक टोळी, पाच-सहा मुलं, मोठ्या सिंकपाशी. त्या दिवशी डेन्मार्कचा मुलगा घासत होता आणि ब्राझीलचा पुसत होता. डेन्मार्कच्याने ताट फेसात बुडवलं, घासलं आणि फेसासकट जाळीवर उभं करून ठेवलं. ब्राझीलचा बघतच राहिला. त्याने ते उचललं, नळाखाली धरलं. डेन्मार्कच्याने नळ बंद केला. पाणी वाया जातं. साबण पोटात जातो. याने सुरू केला, त्याने बंद केला. दोघांनाही इंग्रजी यथातथाच, त्यामुळे भांडण बरंचसं अभिनयाने चाललं होतं; ब्राझीलच्याने साबण पोटात गेल्यावर माणूस कसा मरतो ते जमिनीवर आडवं होऊन दाखवलं. शेवटी एक टब स्वच्छ पाण्याने भरून त्यात ताट एकदा बुडवायचं असं ठरलं. पाणीही वाचलं, साबणही गेला. दुसऱ्या दिवशी त्यांची पाळी नसताना दोघे नव्या टोळीला टबाची पद्धत शिकवायला हजर. तोवर ती 'आमची पद्धत' झाली होती. ती डेन्मार्कची नव्हती आणि ब्राझीलचीही नव्हती.

शिबिरावरून आल्यानंतर एक संशोधन माझ्या वाचनात आलं आणि मला बाईंना लगेच कळवावंसं वाटलं. अमेरिकेतल्या मेन राज्यात 'सीड्स ऑफ पीस' नावाचं शिबिर भरतं. जॉन वॉलक या पत्रकाराने ते १९९३ साली सुरू केलं, इस्रायली आणि अरब मुलांना एकत्र आणण्यासाठी. तिथल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांच्या मैत्रीचा संशोधकांनी अभ्यास केला. जी मुलं एका खोलीत झोपायची, एका टेबलावर जेवायची किंवा एका चर्चागटात असायची, त्यांची मैत्री होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. यात नवल नाही. नवल पुढे आहे. हा फरक एकाच बाजूच्या दोन मुलांपेक्षा विरुद्ध बाजूंच्या दोन मुलांमध्ये जास्त मोठा होता. आपल्यातल्या मुलाशी मैत्री कुठेही, कशीही होऊन जाते. पलीकडच्याशी व्हायला खाटेला खाट लागावी लागते. आणि पलीकडचा एक जरी जवळचा मित्र मिळाला, तर त्या मुलाचं पलीकडच्या सगळ्यांविषयीचं मत जास्त मऊ होतं, असंही त्यांना आढळलं.

म्हणूनच हजारोंच्या मेळाव्यांबद्दल मला फारसा भरवसा वाटत नाही. गर्दीत हरवायला नको म्हणून माणूस आपलाच झेंडा शोधतो. साठ-सत्तर मुलांत लपायला जागाच नसते.

निरोपाच्या दिवसाबद्दल सगळे लिहितात, मी लिहीत नाही. त्यानंतरचं सांगते. मुलांना फोन परत मिळाले आणि विमानतळावरच ग्रुप तयार झाला. पहिले दोन आठवडे तो धो धो वाहत होता. मग शाळा सुरू झाल्या, वेळा जुळेनात. सोलमधली सकाळ म्हणजे मेक्सिकोतली आदली संध्याकाळ. दिवाळखोरीत निघालेल्या दुकानासारखा ग्रुप हळूहळू बंद पडला. वर्षभराने त्यात फक्त वाढदिवसाचे केक उरले. लोक म्हणतात, बघा, टिकली का मैत्री? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. शाळेतल्या वर्गातली तरी सगळी मैत्री कुठे टिकते? दोन-चार जोड्या टिकतात, त्या इथेही टिकल्या. डेन्मार्क-ब्राझील दर शनिवारी ऑनलाइन फुटबॉल खेळतात आणि एकमेकांना शिव्या घालायला पुरेसं इंग्रजी दोघांनाही आता येतं.

नॉर्वे आणि इजिप्तच्या मैत्रीचं गाडं मात्र भलत्याच ठिकाणी अडलं, आणि याबद्दल शिबिराच्या माहितीपत्रकात कधी काही नसतं. शिबिरात दोघींच्या खाटा सारख्याच होत्या. पासपोर्ट सारखे नाहीत. नॉर्वेची मुलगी आईवडिलांबरोबर कैरोला जाऊन आली. तिथे उतरल्यावर विमानतळावरच व्हिसा मिळतो. इजिप्तच्या मुलीला ओस्लोला जायचं तर शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसासाठी, आधी अर्ज, यजमानांचं निमंत्रण, विमा, बँकेची स्टेटमेंटं, आईवडिलांची लेखी संमती. पहिला अर्ज नाकारला गेला. तिने मला लिहिलं होतं, माझ्याकडून काय चुकलं? काही चुकलं नव्हतं. हे तिला पटवून देणं मला कुठल्याही रात्रीच्या रडारडीपेक्षा अवघड गेलं.

आता दोघी सोळा वर्षांच्या आहेत. या वयात त्यांना लहान मुलांच्या शिबिरात ज्युनियर काउन्सेलर म्हणून जाता येतं. दोघींनी एकाच शिबिरासाठी अर्ज केलेत, दोघींची शिफारसपत्रं मीच लिहिली. नॉर्वेच्या मुलीची निवड पक्की झाली आहे. इजिप्तच्या मुलीचीही झाली आहे, पण तिला परत व्हिसाच्या रांगेत उभं राहायचंय. या वेळी शिबिराचं अधिकृत पत्र सोबत आहे, शाळेचंही आहे. कागदपत्रांची यादी तिने मला तपासायला पाठवली होती. त्यात विम्याच्या तारखा दोन दिवस कमी पडत होत्या, त्या तिने बदलून घेतल्या. मुलाखत पुढच्या मंगळवारी आहे.